ऑरेंजमधला हरवलेला न

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. वरूड तालुक्यातलं गाव, कौलारू शाळा, आणि खिडकीतून दिसणारा रस्ता. हंगामात त्या रस्त्यानं संत्र्यांनी भरलेले ट्रक जायचे. लाकडी पेट्या, पेट्यांत धानाची तणस, तणशीत फळं. वर्गात वास यायचा. सरांनी फळ्यावर लिहिलं: ॲन ॲपल, ॲन एग, ॲन ऑरेंज, ॲन अंब्रेला. सफरचंद आम्ही फक्त आजारी माणसाच्या उशाशी पाहिलेलं. ऑरेंज मात्र शाळेच्या कुंपणाला लागून होतं.

मी विचारलं, "सर, हा मधला न कशासाठी?" सर म्हणाले, "पुढच्या शब्दाची सुरुवात स्वरानं झाली की बोलताना अडखळायला होतं. तोंडाला सोपं जावं म्हणून न." मला ते पटलं. मी घरी जाऊन आजीला सांगितलं की संत्र्याला इंग्रजीत ऑरेंज म्हणतात. ती दाराशी बसून तूर निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "संत्र्याले ऑरेंज म्हंतेत? त्याईच्या देशात होते काय संत्रे?"

ते मला ठाऊक नव्हतं. सरांनाही विचारलं नाही. पण प्रश्न बरोबर होता. जे झाड ज्या मातीत उगवत नाही त्याचं नाव त्या मातीतल्या लोकांना कुठून मिळतं? आजी चौथी शिकलेली. शब्दाकडे बघायची ही रीत मला तिच्याकडून मिळाली आणि ती रीत आहे हे कळायला तीस-बत्तीस वर्षं लागली.

आता मी पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करते. एका कथासंग्रहाची प्रुफं तपासताना वाक्य आलं: 'तिनं ऑरेंज रंगाची साडी नेसली होती.' गोष्ट खेड्यातली, काळ जुना. मी 'ऑरेंज' खोडलं, समासात 'नारिंगी' लिहिलं आणि पुढच्या पानावर गेले. मराठीत इतका छान शब्द असताना इंग्रजी कशाला, इतकाच विचार. रात्री मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. नारिंगी, ऑरेंज. रिंगी, रेंज. दोन्ही शब्द एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणून पाहिले आणि उठून कोश काढला.

युल आणि बर्नेल या दोन ब्रिटिश गृहस्थांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जाडजूड कोश काढला. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या शब्दांचा तो कोश. त्यात ऑरेंजची नोंद आहे, आणि ती जवळपास भांडणाच्या सुरातच सुरू होते. लॅटिनमधल्या 'ऑरँटियम', म्हणजे सोनेरी, या शब्दापासून ऑरेंज आला हे वरवर पटण्यासारखं असलं तरी साफ चूक आहे, असं सांगून ते मूळ शब्द देतात: अरबी नारंज, त्याआधी फारसी नारंग, त्याआधी संस्कृत नारंग किंवा नागरंग.

म्हणजे दुपारी मी एक शब्द खोडून त्याच्या जागी दुसरा लिहिला नव्हता. एकाच शब्दाचं परदेशातून फिरून आलेलं रूप खोडून घरी राहिलेलं रूप लिहिलं होतं.

त्यानंतर कितीतरी रात्री मी या एका शब्दामागे घालवल्या. त्यातलं जे सापडलं ते सांगते.

संस्कृतातही हा शब्द पाहुणाच असावा. बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ द्राविडी भाषांत शोधतात. तेलुगूत आजही नारिंज आहे. मल्याळममध्ये नारङ्ङ म्हणजे लिंबाच्या घराण्यातलं फळ. तमिळमध्ये नारत्तै, तिचं खारवलेलं लोणचं घरोघरी असतं. आणि तमिळमध्ये एक क्रियापद आहे, नारु. अर्थ, वास येणं. फळाचं नाव या धातूवरून पडलं असावं, असं एक जुनं मत आहे. मला ते मनापासून आवडतं, कारण संत्र्याचा पहिला अनुभव नाकाचाच असतो. एसटीत मागच्या बाकावर कुणी साल काढली की पुढच्या बाकावरच्याला कळतं. तमिळमध्ये या धातूचं पुढे जे झालं तेही ऐकण्यासारखं आहे. जुन्या कवितेत तो सुगंधासाठी येतो, आजच्या बोलण्यात मात्र दुर्गंधीसाठी. आपल्याकडेही 'वास' हा शब्द कुठे झुकेल ते वाक्यावर ठरतं. मोगऱ्याचा वास येतो, आणि वरण उतरलं की त्यालाही वासच येतो.

फळाचं माहेर मात्र दक्षिणेत नाही. २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात लिंबूवर्गीय झाडांचा एक मोठा जनुकीय अभ्यास आला. त्यानुसार या सगळ्या घराण्याची सुरुवात हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी झाली. आसामचा पूर्व भाग, म्यानमारचा उत्तर भाग, चीनमधला पश्चिम युनान, एवढा तो पट्टा. मूळ जाती मोजक्याच. त्यांतल्या तीन आपल्या नेहमीच्या ओळखीच्या: म्हाळुंग, पपनस आणि संत्र्याची आदिम जात. बाकी बरीचशी मंडळी यांच्या संकरातून झालेली. कडू नारिंग आणि परदेशातलं ते घट्ट सालीचं गोड ऑरेंज, दोन्ही पपनस आणि संत्रं यांची संतती. पिवळं मोठं लिंबू, ज्याला इंग्रजीत लेमन म्हणतात, ते कडू नारिंग आणि म्हाळुंग यांचं. हे वाचताना मला कोल्हापूरची अंबाबाई आठवली. तिच्या हातात म्हाळुंग आहे, मातुलुंग. लहानपणी दर्शनाला गेलो तेव्हा ते काय आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लिंबाच्या घराण्यातला हा मूळपुरुष देवीनं हातात धरून ठेवला आहे, हे आता कळल्यावर पुन्हा एकदा गेले आणि पायांआधी हाताकडे पाहिलं.

तर फळ पूर्वेकडचं, नाव बहुधा दक्षिणेतलं, आणि दोघांची गाठ पडून ती जोडी पश्चिमेला निघाली.

फारसीत तो शब्द नारंग झाला. अरबीत ग नाही म्हणून नारंज. दहाव्या शतकातला अरब इतिहासकार अल-मसुदी या प्रवासाची जवळजवळ साक्षच देतो. तो म्हणतो, नारंजाचं झाड हिजरी ३०० नंतर, म्हणजे आपल्या इसवी सन ९१२ नंतर, हिंदुस्थानातून आणलं गेलं. आधी ओमानात लावलं, तिथून बसऱ्याला, इराकात, सीरियात. आणि मग तो जे लिहितो त्याच्यासाठी मी ती नोंद पुन्हा पुन्हा वाचली. तो म्हणतो, हिंदुस्थानात या फळाला जो गोड, भेदून जाणारा सुगंध होता आणि जो रंग होता तो या नव्या जागी राहिला नाही, कारण ती हवा, ती माती, ते पाणी त्याला मिळालं नाही.

एक हजार वर्षांपूर्वीचा माणूस. नारु म्हणजे वास हे त्याला कुणी सांगितलं असण्याची शक्यता नाही. पण फळाकडून काय निसटलं हे विचारल्यावर त्यानं वासाचंच नाव आधी घेतलं. पुण्यात मंडईतून संत्री आणून मी साल सोलते तेव्हा मला काय खटकतं ते अल-मसुदीनं लिहून ठेवलं आहे.

अरबांबरोबर झाड सिसिलीत आणि स्पेनमध्ये गेलं. तेव्हाचं हे नारिंग कडू होतं. औषधाला, अत्तराला, मुरांब्याला आणि शोभेला. कॉर्डोबाच्या मोठ्या मशिदीच्या अंगणाचं नाव आजही नारिंगांचं अंगण असंच आहे, आणि सेव्हिलमध्ये रस्त्यांच्या कडेला नारिंगाची झाडं आहेत. सेव्हिलची ही कडू फळं बोटीनं इंग्लंडला जातात आणि त्यांचा मार्मालेड होतो. स्पॅनिश माणसानं शब्द जवळजवळ अखंड जपला. लिहायचा 'नारांजा', उच्चार 'नारांखा'. आणि त्यानं या शब्दाला जिव्हाळ्याच्या जागी नेऊन बसवलं. स्पॅनिशमध्ये आपल्या जन्माच्या जोडीदाराला 'माझं अर्धं नारिंग' म्हणतात. हंगेरीतही तो 'नारांच' आहे, ग्रीकमध्ये 'नेरांझी'. या सगळ्यांकडे न शाबूत आहे.

तो गळला इटलीत आणि फ्रान्समध्ये. इटालियनमध्ये 'एक' साठी 'उन' किंवा 'उना' येतो. 'उना नारांचा' असं भरभर म्हणताना पहिला न संपतो कुठे आणि दुसरा सुरू होतो कुठे, हे कानाला नीट कळत नाही. हळूहळू लोकांना वाटायला लागलं की न हा 'एक' चाच आहे, फळाचा नाही. 'नारांचा' ची 'आरांचा' झाली. फ्रेंचमध्येही असंच, आणि तिथे आणखी एक गोष्ट घडली. फ्रेंचमध्ये सोन्याला 'ऑर' म्हणतात. समोर सोन्याच्या रंगाचं फळ, नाव 'आरांज' सारखं काहीतरी. कानानं त्यात सोनं ऐकलं आणि शब्दाचं तोंड 'ऑ' झालं. मग पंडितांनी मागाहून त्याला साजेसं लॅटिन नाव तयार केलं, ऑरँटियम. युल-बर्नेल ज्याच्यावर चिडले होते ते हेच. वंशावळ नंतर लिहिली आणि मूळपुरुष म्हणून सोनं बसवलं. मला त्यांच्याइतका राग येत नाही. कुणाच्या तरी कानाला एका परक्या फळाच्या नावात सोनं ऐकू आलं, हे मला सुंदर वाटतं. पण खरं कूळ झाकलं गेलं हेही खरंच.

इंग्रजीत शब्द पोचला तो न हरवूनच. इंग्रजीची स्वतःचीही ही खोड आहेच. आपण क्रिकेटमध्ये ज्याला अंपायर म्हणतो तो मुळात 'नम्पायर' सारखा होता, म्हणजे दोन्ही बाजूंच्या जोडीत न बसणारा, तिऱ्हाईत. 'अ नम्पायर' चं 'ॲन अंपायर' झालं. एप्रनचंही तसंच, तो आधी नेप्रन होता. ऑरेंजचा न मात्र इंग्लंडच्या किनाऱ्याला लागायच्या आधीच वाटेत गळला. म्हणून सरांनी फळ्यावर लिहिलेल्या 'ॲन ऑरेंज' मधला न हा तोच जुना न आहे, असं म्हणता येत नाही. तो इंग्रजीतल्या 'एक' चा, वेगळ्या कुळातला. एवढं कळूनही ते दोन शब्द शेजारी लिहिलेले पाहिले की मला वाटतं, घरातून निघून गेलेल्या माणसाच्या जागी कुणी दुसराच त्याच्या उंचीचा माणूस दारात उभा आहे.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. नव्हते आजी, त्यांच्या देशात संत्रे नव्हते. १२९० साली पोर्टस्मथ बंदरात एक स्पॅनिश जहाज आलं आणि राजा पहिल्या एडवर्डच्या राणीनं, एलिनॉरनं, त्यावरून काही फळं घेतली. राणी मूळची स्पेनची, कॅस्टिलची. त्या हिशेबात अंजीर आहेत, मनुका आहेत, खजूर आहे, डाळिंबं आहेत. आणि नारिंगं सात. राणीच्या खरेदीत सात! सासरी आलेल्या बाईनं माहेरच्या बोटीवरून सात फळं घेतली आणि ती कुणीतरी मोजून लिहून ठेवली. त्याच वर्षी ती गेली. आमच्याकडे हंगामात गाईच्या पुढेही शेकड्यानं फळ पडतं, त्यामुळे हा सातचा आकडा माझ्या मनातून जात नाही.

आणखी शंभर वर्षांनी, चौदाव्या शतकाच्या शेवटी, चॉसर हा इंग्रज कवी एका कोंबड्याची गोष्ट लिहितो. कोंबड्याला स्वप्नात कोल्हा दिसतो आणि तो कोंबडीला त्याचं वर्णन सांगतो: रंग पिवळा आणि तांबडा यांच्या मधला. बस, इतकंच. कारण चॉसरच्या इंग्रजीत त्या रंगाला स्वतंत्र नाव नव्हतं. आणखी जुन्या इंग्रजीत 'पिवळा-तांबडा' असा जोडशब्द होता. ज्याची छाती चांगली नारिंगी असते त्या रॉबिन पक्ष्याला इंग्रज लोक आजही 'तांबड्या छातीचा' म्हणतात. नाव पडलं तेव्हा दुसरा शब्दच नव्हता. फळ आलं, बाजारात दिसायला लागलं, आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्या फळाचं नाव रंगालाही लागलं. (त्या रंगाच्या मांजराला मात्र इंग्रजीत आल्याचं नाव आहे, जिंजर. तोही शब्द आपल्या शृंगवेराचा वंशज.)

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती गफलत सर्रास होते. हॉलंडच्या खेळाडूंचा नारिंगी गणवेश फळावरून आलेला नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला ऑरेंज नावाचं गाव आहे. रोमन काळात त्याचं नाव अराउसिओ. त्याचा फळाशी काही संबंध नाही. नाव झिजत झिजत फळाच्या नावासारखं झालं, एवढंच. १५४४ साली त्या गावची जहागीर नासाउ घराण्यातल्या विल्यमकडे वारशानं आली. हाच पुढे डच स्वातंत्र्याचा नेता झाला आणि त्याच्या घराण्याचं नाव ऑरेंज. नाव एक म्हणून रंगही तोच घेतला. याच घराण्यातला तिसरा विल्यम इंग्लंडचा राजा झाला, म्हणून आयर्लंडच्या झेंड्यात एक पट्टा नारिंगी आहे. तमिळ देशात कुणाच्या तरी नाकाला आलेल्या वासाचं नाव कुठल्या कुठे जाऊन फडकतं आहे.

आता न्यूटन. त्यानं लोलकातून सूर्यप्रकाश पाडला तेव्हा आधी त्यानं पाच मुख्य रंग मोजले होते: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. नंतर संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून त्यानं दोन रंग वाढवले. एक ऑरेंज, दुसरा इंडिगो. ऑरेंजची कथा वर झालीच. इंडिगो म्हणजे नीळ, आणि त्या शब्दाचा अर्थ नुसता 'हिंदुस्थानातली वस्तू'. पाचाचे सात करताना न्यूटननं जे दोन शब्द घेतले त्या दोघांची वाट आपल्या बाजूनं गेलेली आहे. शाळेत आम्ही 'तानापिहिनिपाजा' घोकायचो. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. विज्ञानाच्या पुस्तकात तो ऑरेंज परत आपल्या भाषेत आला तेव्हा भाषांतर करणाऱ्यानं सहज 'नारिंगी' लिहिलं असेल, जसं मी त्या प्रुफावर लिहिलं. तानापिहि मधल्या 'ना' मध्ये तो गेलेला न जागच्या जागी आहे. पाचवीत सरांना मी ज्या न बद्दल विचारत होते त्याचं उत्तर पुढच्याच तासाला विज्ञानाच्या वहीत होतं.

इथवर आले तेव्हा मला वाटलं, चला, शब्द आपला होता, परत मिळाला. मग मी आमच्या स्वतःच्या शब्दाकडे वळले. संत्रा.

आमच्याकडे संत्रा पुल्लिंगी. पुण्यात संत्रं. पण आहे कुठला? संस्कृतात त्याला धड मूळ सापडत नाही. पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ सिंत्रा नावाचं डोंगरातलं गाव आहे आणि त्या गावावरून हा शब्द आला असावा, असं मत पुष्कळ कोशांत आहे. हॉब्सन-जॉब्सनही तेच म्हणतो. शंकेलाही जागा आहे. बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांची यादी दिली आहे, तिच्यात नारंज आहे आणि निराळं 'संगतरा' ही आहे. बाबर वारला १५३० साली आणि वास्को द गामा आला १४९८ साली. जेमतेम तीस वर्षांत किनाऱ्यावरचा शब्द आग्र्यापर्यंत पोचावा का? पोचलाही असेल. फळाच्या टोपलीला वाट लवकर सापडते.

पण पोर्तुगीजांचा माग काढताना जे दिसलं त्यानं मी थक्क झाले. युरोपात गोड नारिंग रुळलं ते पंधराव्या-सोळाव्या शतकात, आणि ते पसरवण्यात पोर्तुगीजांचा हात मोठा. म्हणून ज्यांनी नारंज हा शब्द जगभर नेला त्या अरबांच्या भाषेत आज गोड फळाला 'बुर्तुकाल' म्हणतात. म्हणजे पोर्तुगाल! तुर्कीत पोर्ताकाल, ग्रीकमध्ये पोर्तोकाली, आणि खुद्द इराणात पोर्तेगाल. नारंज हे नाव तिथे कडू फळाकडे राहिलं. आपल्याकडे बघा, मोसंबी हा शब्द मोझांबिकवरून आला, आणि मोझांबिक ही तेव्हा पोर्तुगीजांची वसाहत होती. संत्रा सिंत्राचा असेल तर तोही त्याच जहाजातला. पूर्वेकडून गेलेलं फळ नवं नाव घेऊन परत आलं, आणि दारात उभ्या असलेल्या त्या पाहुण्याला आपण इतकं आपलं केलं की जुनं नारिंग मागे पडून रंगापुरतं उरलं. हापूस, पपई, अननस, काजू, बटाटा आपण असेच घरात घेतले. त्यात माझी काही तक्रार नाही.

तरी एक गोष्ट राहते. इंग्रजी शेतीशास्त्रात आमच्या फळाला ऑरेंज म्हणतच नाहीत. नागपूर शहराला ऑरेंज सिटी म्हणतात, मेट्रोच्या एका मार्गाचं नाव ऑरेंज लाईन आहे, पण शास्त्रज्ञ लिहितात 'नागपूर मँडरिन'. कारण सैल सालीचं ते मँडरिन, घट्ट सालीचं ते ऑरेंज. आणि मँडरिन हा शब्द? पोर्तुगीज लोक चिनी दरबारातल्या अधिकाऱ्यांना 'मंदारीं' म्हणायचे. तो त्यांनी मलय भाषेतल्या 'मंतरी' वरून घेतला. आणि मलयमध्ये तो गेला आपल्या 'मंत्री' वरून. अधिकाऱ्यांच्या झग्यांच्या रंगावरून फळाला ते नाव पडलं असं सांगतात. म्हणजे सरांनी फळ्यावर लिहिलेला शब्दही बाहेरून फिरून आलेला, आणि त्याच्या जागी जो शास्त्रशुद्ध शब्द हवा होता तोही. घरातला तेवढा परका.

हे सगळं मी दिवाळीला गावी गेले तेव्हा बाबांना सांगितलं. बाबा आता थकलेत, पण बगिचा स्वतः बघतात. नागपूरकर भोसल्यांपैकी रघुजीराजांनी अठराव्या शतकात औरंगाबादहून ही झाडं आणली, असं आमच्या भागात सांगतात. २०१४ साली नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण बाबांनी जपून ठेवलं आहे. वरूड-मोर्शीला पूर्वीपासून विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. आता पाणी खोल गेलंय, फळगळ असते, एखाद्या वर्षी झाडावरचं फळ तोडायची मजुरीही निघत नाही. तरी हे कात्रण देवघराशेजारच्या फडताळात आहे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. अल-मसुदीपाशी मान हलवली, सात नारिंगांपाशी "सात?" म्हणाले. मग मला धाकट्या बगिच्यात घेऊन गेले आणि एका झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसले. जमिनीपासून वीतभर वर बुंध्याला एक गाठ होती. खाली साल खरखरीत, वर गुळगुळीत. त्यांनी त्या गाठीवर अंगठा ठेवला. "हे खालचं जंबेरी. हे वरतं संत्रा. डोळा मीच भरला हाय याचा."

मला जंबेरी, लिंबाच्याच घराण्यातलं हे काटेरी झाड, लहानपणापासून माहीत होती. संत्रा स्वतःच्या मुळावर लावत नाहीत, जंबेरीच्या खुंटावर डोळा भरतात, म्हणजे संत्र्याचा कोंब बसवून कलम करतात, हे आमच्याकडच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पण आता माझ्या कानाला तो शब्द वेगळा ऐकू आला. जंबेरी म्हणजे जंबीर, जुना संस्कृत शब्द. खाली जंबीर, वर सिंत्राचा संत्रा, मध्ये बाबांच्या चाकूची गाठ. मी त्यांना ते सांगितलं. ते म्हणाले, "खालून जंबेरीची फूट निघते मधामधात. ते मोडा लागते. नाही मोडली त वरचं मरते." आणि खरंच तिथे एक कोवळी, काटेरी फूट होती. त्यांनी ती बोटानं खुडली आणि माझ्या नाकाशी धरली. तिचा वास संत्र्याच्या पानापेक्षा उग्र होता.

पुण्याला परतल्यावर ती प्रुफं पुन्हा हाती आली. लेखिकेनं माझं 'नारिंगी' खोडून परत 'ऑरेंज' केलं होतं, शेजारी लिहिलं होतं: 'माझी आई ऑरेंजच म्हणायची.' मी त्याखाली बरोबरची खूण केली.

जानेवारीच्या शेवटी बाबांचा फोन आला. बगिच्याला पाणी बंद ठेवून दिलेला ताण तोडून पाणी सोडलं होतं. आंबिया बहार, म्हणजे या दिवसांतली फुलं, कसा धरतो त्यावर वर्षाचं गणित, म्हणून या दिवसांत त्यांचा आवाज जरा दबलेला असतो. त्या दिवशी नव्हता. मी विचारलं, कसं आहे? पलीकडे थोडा वेळ नुसतं वारं ऐकू आलं. ते बहुतेक झाडांमध्येच उभे होते.

"बहार फुटला बाई," ते म्हणाले. "रस्त्यावरून जानारा मानूस थांबून राह्यला, असा वास सुटला हाय. येतं काय दोन दिवस?"